रॉयल शोबँडचा हिशोब: वॉटरफर्ड ते लास व्हेगास, १९५७ ते १९७१

ऑगस्ट १९७१ मध्ये ब्रेंडन बॉयर आणि टॉम डन्फी हे गायक आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या रॉयल शोबँड या नाचाला साथ करणाऱ्या बँडमधून बाहेर पडले आणि चौदा वर्षांचा कारभार आटोपल्यात जमा झाला. नाव उरलं. उरलेले वादक काही काळ त्या नावावर वाजवत राहिले, पण लोक ज्यांच्यासाठी तिकीट काढत ते दोघे आता दुसऱ्या पाटीखाली उभे होते. सहाच वर्षांपूर्वी याच बँडचं ‘हकलबक’ आयर्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

मधल्या सहा वर्षांत काय बिघडलं याचं उत्तर सहसा संगीतात शोधलं जातं. बीटल्स आले, रॉक आलं, शोबँड जुनाट वाटू लागले, वगैरे. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. रॉयलचं संगीत १९६१ सालीही नवं नव्हतं. दुसऱ्यांची गाणी बेतशीर वाजवणं हाच त्यांचा धंदा होता. रॉयल वर आला तो नृत्याच्या हॉलचं गणित जुळल्यामुळे, आणि ते गणित मोडत गेलं तसा त्याचा पाया सुटला. म्हणून इथे गाण्यांपेक्षा गल्ला, व्हॅन, हॉलमधला प्लग आणि बेसूर पियानो यांच्याकडे जास्त पाहिलं आहे.

बसून वाजवणारे आणि उभे राहिलेले

१९५० च्या सुमारास आयर्लंडमध्ये नृत्याला साथ करायचे ते ऑर्केस्ट्रा. क्लॉनमेलचे मिक डेलाहंटी, मिचेल्सटाउनचे मॉरिस मल्काही ही त्यातली मोठी नावं. दहा-बारा वादक काळ्या सुटांत खुर्च्यांवर बसत, समोरच्या स्टँडवर छापील नोटेशन, ते वाचून वाजवत. संगीत चोख, पण बघायला काही नाही.

हा साचा मोडला तो टायरोन परगण्यातल्या स्ट्रबेन गावच्या क्लिपर कार्लटननी. त्यांनी स्टँड बाजूला सारले, सगळे उभे राहिले, रंगीत कोट घातले, आणि मध्यरात्रीच्या आसपास नाच थांबवून प्रसिद्ध गायकांच्या नकला, विनोद, छोटे प्रवेश असा वेगळा ‘शो’ सुरू केला. ‘शोबँड’ हा शब्द रूढ झाला तो यातूनच. उभं राहण्याचा फायदा नुसता दिसण्याचा नव्हता. नोटेशन समोर नसलं की गाणं पाठ करावं लागतं, आणि पाठ झालेलं गाणं वाजवताना वादकाची नजर कागदाऐवजी समोरच्या गर्दीवर राहते. कोणत्या गाण्याला फरशी भरते आणि कोणत्याला पोरं भिंतीला टेकतात, हे त्याला तिथल्या तिथे दिसतं.

रॉयलने हा धडा तयार उचलला. सात जणांचा संच असा होता: गाणं आणि ट्रॉम्बोनला ब्रेंडन बॉयर, गाणं आणि बास गिटारला टॉम डन्फी, सॅक्सोफोन आणि अकॉर्डियनला मायकल कॉपिंजर, ट्रंपेटला एडी सलिव्हन, गिटारला जिम कॉनलन, पियानोला गेरी कलन, ड्रमला चार्ली मॅथ्यूज. सुरुवातीला नोकऱ्या सांभाळून, १९५९ पासून पूर्णवेळ. कारभारी टी. जे. बर्न, कार्लो गावचे.

या रचनेत एक शहाणपण आहे ते सहज नजरेतून सुटतं. बॉयर उंच, मोठ्या आवाजाचा, अंगात वारं भरल्यासारखा नाचणारा. एल्विसच्या धाटणीची गाणी त्याची. डन्फी शांत, कंट्री आणि आयरिश गाणी त्याची. शहरातली पोरं एकासाठी येत, खेड्यातली दुसऱ्यासाठी, आणि गल्ला एकच. दोन गायक असल्याने एकाचा घसा विश्रांती घेई. चार तासांच्या रात्री, आठवड्यातून पाच-सहा वेळा, हे काही छोटं काम नाही.

हॉल

शोबँड समजून घ्यायचा तर आधी हॉल समजून घ्यावा लागतो. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने आयर्लंडमध्ये नाचाला जिल्हा न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला. कायद्यामागे चर्चचा रेटा होता. घराघरांतले आणि चौकातले नाच मागे पडले, आणि परवाना मिळवणं सोपं होतं ते चर्चच्याच सभागृहांना. पुढे १९४६ पासून खेडोपाडी वीज जाऊ लागली. वीज आली तिथे मोठा खाजगी हॉल बांधणं परवडू लागलं.

हे हॉल गावात नसत, गावांच्या मध्ये असत. बसपेक्षा सायकलचा आणि नंतर मोटारीचा हिशोब धरून, चार-सहा गावांना सोयीच्या माळावर दोन हजार माणसं मावतील अशी शेड, आत मेपलच्या लाकडाची फरशी, बाहेर रंगीत दिवे. पुढे १९९२ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले आल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी आपली पहिली मोठी कमाई भावाबरोबर याच धंद्यात केली. रूस्कीला क्लाउडलँड, मोटला रोझलँड, अथायला ड्रीमलँड, रॉसकॉमनला फेअरीलँड, मलिंगारला लेकलँड अशी त्यांची साखळी होती. नावांवरून स्वर्ग वाटावा. आत जाड भिंती, थंडगार हवा आणि लिंबू सरबताचा काउंटर.

सरबताचाच, कारण दारू नव्हती. पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली इथे आहे. दारूचा परवाना नसल्याने हॉलमालकाची कमाई दाराशी, तिकिटावरच, होई. चहा, सरबत, कोट ठेवण्याचे पैसे हे वरकड. दाराशी गर्दी खेचायला बँडशिवाय दुसरं काही हाती नव्हतं, म्हणून नामांकित बँड मालकाला जवळजवळ अटी घालू शकत होता.

सुपारी की टक्का

आपल्याकडे तमाशाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या धंद्यात सुपारी घेणं आणि गल्ल्यावर टक्का घेणं यातला फरक ज्याला कळतो, त्याला शोबँडचं अर्थकारण वेगळं समजवायला नको. लहान बँडला ठरावीक रक्कम. पाऊस पडो, गर्दी होवो. मोठा बँड टक्का मागे, आणि नाव वाढेल तसा तो निम्म्यावरून साठाकडे सरके.

हिशोब कळावा म्हणून एक रात्र मांडून पाहू. तेव्हा एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. समजा तिकीट साडेसात शिलिंग आणि आत दोन हजार माणसं. एकूण पंधरा हजार शिलिंग, म्हणजे ७५० पौंड. साठ टक्क्यांनी बँडचे ४५० पौंड. त्यातून पेट्रोल, जेवणं, पोस्टरं, सूट, वाद्यांचे हप्ते, व्हॅनचा चालक वजा करा आणि उरलेल्याचे सात वादक व एक कारभारी असे आठ वाटे घाला. खर्च सढळ हाताने धरला तरी वाट्याला चाळीसेक पौंड येतात, आणि कारखान्यातल्या कामगाराला तेव्हा आठवडाभर राबून दहा पौंडांच्या आसपास मिळत. आता तोच हॉल, तीच रात्र, पण माणसं सहाशे. गल्ला २२५, बँडचे १३५. व्हॅन, सूट, पोस्टरं यांचा खर्च मात्र तेवढाच. टक्क्याचा धंदा चढताना जितका गोड तितकाच उतरताना कडू. १९७० च्या सुमारास अनेक बँडांना हीच चव लागली.

टक्क्यात फसवणुकीला वाव असतो तो दाराशी. उपाय साधा: तिकिटांच्या पुस्तकाचा पहिला आणि शेवटचा आकडा बँडच्या माणसाने नाच सुरू होण्याआधी लिहून घ्यायचा, पुस्तकं बदलू द्यायची नाहीत, आणि मध्येच एकदा फरशीवरची डोकी अंदाजाने मोजायची. जो बँड हे करत नसे तो साठ टक्के मागून पन्नास घरी नेई.

बर्न यांचं खरं काम दुसऱ्या बाजूला होतं: जाहिरात. प्रत्येक कार्यक्रमानंतर सातही जण मंचाच्या कडेला उभे राहून छापील फोटोकार्डांवर सह्या करत. रात्री दोन वाजता, चार तास घाम गाळल्यावर. फोटो घरी जाई, भिंतीवर लागे, आणि पुढच्या खेपेला तीच मुलगी दोन मैत्रिणी घेऊन येई. जाहिरातीचा याहून स्वस्त मार्ग त्या काळात सापडणं कठीण.

एक रात्र, पायरीने

दुपारी व्हॅन वॉटरफर्डहून निघते. डोनेगल किंवा मेयोचा कार्यक्रम असेल तर एकेरी, वळणांच्या रस्त्याने पाच-सहा तास. नऊला नाच सुरू होतो तो दुय्यम, स्थानिक बँडच्या साथीने. दहा-साडेदहापर्यंत हॉल भरत राहतो आणि मग रॉयल मंचावर येतो. दोन वाजता राष्ट्रगीत, सह्या, सामान व्हॅनमध्ये, आणि परतीचा रस्ता.

पोचल्यावर पहिलं काम विजेचं. खेड्यातल्या हॉलमध्ये मंचाजवळ एक किंवा दोन प्लग, त्यातला एखादा अर्थिंग नसलेला. गिटारचा अॅम्प्लिफायर एका प्लगवर, माइकचा दुसऱ्यावर, आणि दोन्हींचं अर्थिंग वेगळं किंवा एकाचं मुळीच नाही, अशी स्थिती असली की हात तारांवर ठेवून ओठ माइकला लावणाऱ्याला झटका बसे. अनुभवी बँड सगळं एकाच प्लगवरून घेई आणि वादकाआधी चाचणीचा दिवा लावून पाही. हॉल विजेच्या तारेच्या शेवटच्या टोकाला असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडे. व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर मग मिणमिणल्यासारखा आवाज देत.

दुसरं काम पियानोचं, आणि ते जास्त छळणारं. हॉलचा पियानो दमट हवेत वर्षभर पडून, बऱ्याचदा पाव ते अर्धा स्वर उतरलेला. अमेरिकन गायक जिम रीव्ह्ज १९६३ साली आयर्लंडच्या दौऱ्यावर आले तेव्हा हॉलांतल्या बेसूर पियानोंवरून त्यांचे खटके उडाले होते. गिटार खाली उतरवता येते. ट्रंपेटची सुराची नळी थोडी बाहेर ओढून आणि सॅक्सोफोनचं तोंड बुचावरून जरा बाहेर घेऊन तेही थोडं उतरतात. पण पाव स्वराच्या पुढे ओढत गेलात तर वाद्यातले वेगवेगळे स्वर आपसात जुळेनासे होतात. पियानो बरोबर अर्धा स्वर खाली असेल तर त्यापेक्षा पियानोवाल्यानेच एक पट्टी वर सरकून वाजवणं बरं. हे उठाठेवीचं प्रकरण नको म्हणून साठच्या दशकात बँडांनी स्वतःचे इलेक्ट्रिक ऑर्गन बाळगायला सुरुवात केली.

एवढं करून सूर रात्रभर टिकत नाही. नऊ वाजता हॉल थंड असतो; अकरापर्यंत दोन हजार अंगांची ऊब आणि भिंतींवरून ओघळणारं पाणी. हवा तापली की पितळी वाद्यांचा सूर चढतो, गिटारच्या तारा सैलावून त्यांचा उतरतो. म्हणजे दोन्ही एकमेकांपासून उलट्या दिशांना. तासातासाने, दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात, पाठमोरं होऊन सूर लावून घेणं हा शोबँडच्या गिटारवाल्याचा नित्यक्रम होता.

नाचाच्या फेऱ्या तीन-तीन गाण्यांच्या. एका बाजूला पुरुष उभे, समोर बायका. फेरी सुरू झाली की पुरुषांनी फरशी ओलांडून जाऊन विचारायचं. तीन गाणी संपली की दोघांनी आपापल्या बाजूला. तीन हा आकडा मनमानी नाही. पहिल्या गाण्यात नाव-गाव, दुसऱ्यात थोडं बोलणं, तिसऱ्यात सरबत विचारायचं की नाही हे ठरतं. म्हणून पहिलं गाणं ठेक्याचं आणि तिसरं संथ ठेवण्याची पद्धत. तिन्ही एकाच चालीचे लावले तर जोड्या लवकर फुटतात आणि फरशी रिकामी दिसते. साडेतीन तासांत अशा सोळा-सतरा फेऱ्या धरल्या तर पन्नास गाणी रोज तोंडपाठ लागतात, आणि तीही वॉल्ट्झ, क्विकस्टेप, जाइव्ह, मध्येच एखादा पारंपरिक आयरिश नाच अशी सगळ्या वयांना पुरणारी.

नक्कल हाच माल

ही गाणी यायची कुठून? रात्री मध्यमलहरीवर २०८ मीटरला लागणाऱ्या रेडिओ लक्झेंबर्गवरून. लंडन-अमेरिकेतलं नवं गाणं ऐकायचं, शब्द उतरवून घ्यायचे, दुपारच्या तालमीत बसवायचं आणि त्याच आठवड्यात हॉलमध्ये वाजवायचं. खेड्यात रेकॉर्ड प्लेअर मोजक्या घरांत. मूळ गायक आयर्लंडच्या माळावर कधी येणार नव्हता. तिथल्या पोरांसाठी एल्विस म्हणजे बॉयरच. नकलेची हेटाळणी नंतरच्या पिढीने भरपूर केली. ती करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की पुढे नावाजलेले गायक व्हॅन मॉरिसन आणि गिटारवादक रोरी गॅलाघर दोघेही शोबँडमध्येच घडले, आणि पन्नास गाणी रोज बसवून वाजवण्यासारखी शाळा नाही.

गॅलाघरची गोष्ट तर थेट रॉयलच्या दारातून जाते. १९६१ च्या बनावटीची जी स्ट्रॅटोकास्टर गिटार त्याने १९६३ साली कॉर्कच्या दुकानातून जवळपास शंभर पौंडांना घेतली, ती आधी रॉयलच्या जिम कॉनलनची होती असं सांगितलं जातं. कॉनलनला लाल हवी होती, आली पिवळट-तपकिरी छटेची. लाल मिळाल्यावर त्याने ही विकून टाकली. गॅलाघरने ती आयुष्यभर इतकी वाजवली की वरचा रंग उडून लाकूड उघडं पडलं. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात तिला आठ लाख पौंडांच्या वर किंमत आली.

रेकॉर्ड हा रॉयलचा मुख्य धंदा कधीच नव्हता. हॉलकडे ओढणारी ती एक जाहिरात होती. १९६२ मध्ये डन्फीच्या आवाजातलं ‘कम डाउन द माउंटन केटी डेली’ आलं, शोबँडच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डांपैकी एक. १९६३ मध्ये बॉयरचं ‘किस मी क्विक’ आयर्लंडच्या यादीत पहिलं गेलं. आयरिश कलाकाराला ती जागा पहिल्यांदाच मिळाली. तेही एल्विसचंच गाणं. आणि जानेवारी १९६५ मधलं ‘हकलबक’ तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. कंपनीने पुढे केलं ते ‘आय रॅन ऑल द वे होम’. लोकांनी तबकडी उलटवली. मूळ धून १९४९ ची, पुढे १९६० मध्ये अमेरिकन गायक चबी चेकरनेही गायलेली. पण आयर्लंडमध्ये ते गाणं कायमचं बॉयरचं झालं, कारण त्यात नाचायचं कसं हे गाण्यातच सांगितलेलं आहे. हॉलच्या धंद्याला याहून सोयीचं गाणं नाही.

चाळीस दिवस

ईस्टरच्या आधीच्या लेंट या उपवासाच्या पर्वात चर्चच्या धाकाने आयर्लंडमधले हॉल जवळजवळ पूर्ण बंद. मध्ये फक्त सेंट पॅट्रिकच्या सणाची सूट. पूर्णवेळ बँडसाठी म्हणजे वर्षातले सहा आठवडे कमाई शून्य आणि हप्ते चालू. तोड निघाली ती स्थलांतरातून. १९५१ ते ६१ या दहा वर्षांत देशातून निव्वळ चार लाखांवर माणसं बाहेर गेली, आणि देशाची लोकसंख्या होती २८ लाख. लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लिव्हरपूलमध्ये आयरिश मजुरांसाठी आयरिश हॉल उभे होतेच. लेंट सुरू झाला की शोबँड बोटीने इंग्लंडला.

२ एप्रिल १९६२ रोजी लिव्हरपूलच्या पॅव्हिलियन थिएटरात रॉयल मुख्य आकर्षण होता. त्यांच्याआधी वाजवायला एक स्थानिक बँड होता, बीटल्स नावाचा. हा किस्सा चवीने सांगितला जातो तो हसण्यासाठी. धंद्याच्या नजरेने त्यात वेगळंच दिसतं. बीटल्स हळूहळू स्वतःच्या गाण्यांचा बेभरवशाचा माल आणू पाहत होते, रॉयल खात्रीचा विकत होता. त्या वर्षी खात्रीचाच माल जास्त खपत होता. मात्र स्वतःच्या गाण्याची रेकॉर्ड हॉल बंद झाल्यावरही पैसे देत राहते. नकलेचं उत्पन्न शेवटच्या राष्ट्रगीताबरोबर संपतं.

व्हेगास

१९६६ पासून रॉयल लास व्हेगासला जाऊ लागला आणि लवकरच वर्षातले सहा महिने तिकडे, सहा इकडे अशी विभागणी झाली. निर्णय समजण्यासारखा आहे. रोज एकाच मंचावर कार्यक्रम, रोजचा तीनशे किलोमीटरचा प्रवास नाही, पियानो सुरात, मानधन ठरलेलं. टक्क्यावरून पुन्हा सुपारीवर, पण भल्या मोठ्या सुपारीवर. शिवाय तिशीच्या आसपास आलेल्या वादकांना व्हॅनमधली झोप किती वर्षं मानवणार?

तोटा मायदेशी झाला. हॉलचा धंदा सवयीवर चालतो. रॉयल तीन महिन्यांनी एकदा येणार हे ठाऊक असलं की लोक वाट पाहतात. सहा महिने नाव दिसलंच नाही की ती रविवारची रात्र दुसरा कोणी घेतो. घेणारे तयार होते. डिकी रॉकचा मायामी शोबँड होता; कॅपिटल शोबँडचा बुच मूर १९६५ मध्ये आयर्लंडतर्फे युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेला गेलेला पहिला गायक ठरून घरोघरी पोचला होता; आणि १९६६ नंतर कॅसलब्लेनीच्या बिग टॉमसारखे कंट्री गाणारे बँड ग्रामीण हॉल भरू लागले. म्हणजे डन्फीचा जो अर्धा प्रेक्षक होता, तोच निसटला. आमच्या मते व्हेगासचा निर्णय बॉयरसाठी योग्य होता आणि रॉयल या नावासाठी घातक. मंचावरच्या दोघांना बाहेर स्वतंत्र भाव आहे हे एकदा दिसलं की सात वादकांची भागीदारी डगमगणारच.

दारू, तबकडी आणि सरहद्द

मायदेशी पायाच हलत होता. हॉटेलांनी नाचाची दालनं काढली आणि त्यांच्याकडे दारूचा परवाना होता. रात्री उशिरापर्यंत बार चालवायचा तर कायद्याने पाहुण्यांना पोटभर जेवण द्यावं लागे. मग तिकिटातच कोंबडीची तंगडी आणि बटाट्याचे तुकडे आले. ते कोणी खाल्ले किंवा टेबलावर सोडले, कायद्याचं समाधान झालं. माळावरच्या थंड शेडमध्ये सरबत पिण्यापेक्षा उबदार हॉटेलात पेला हाती घेऊन बसणं लोकांना आवडलं. बाईलाही भिंतीपाशी ताटकळत उभं राहावं लागेना.

हॉटेलमालकाचा हिशोब हॉलमालकाच्या उलटा. त्याची कमाई बारवर, त्यामुळे दाराशी गर्दी खेचणाऱ्या महागड्या बँडची त्याला तितकी गरज नाही. लोक बसून पीत राहतील एवढं संगीत पुरे. मग डिस्को आला: दोन टर्नटेबल, एक माणूस, मूळ गायकाचा मूळ आवाज. सात वादक आणि व्हॅन यांच्या खर्चाशी याची तुलनाच होत नाही. शिवाय ३१ डिसेंबर १९६१ पासून देशाची स्वतःची दूरचित्रवाणी होती, घरोघरी रेकॉर्ड प्लेअर आले होते. नक्कल ओळखू येऊ लागली. शोबँड नकलेवर उभे होते आणि त्या नकलेला किंमत होती ती केवळ मूळ ऐकायला मिळत नव्हतं म्हणून.

उत्तरेत, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, १९६९ पासून हिंसाचार पेटला. बेलफास्ट आणि उत्तरेकडची गावं शोबँडांच्या फेरीतला मोठा हिस्सा होती. रात्री दोननंतर सीमेवरच्या तपासण्या ओलांडून परतणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं आणि कार्यक्रम रद्द होऊ लागले.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९७१ ची फूट पाहावी. बॉयर आणि डन्फी यांनी बिग एट नावाचा नवा संच उभा केला. कॅपिटलमधले सॅक्सोफोनवादक पॅडी कोल आणि गायिका ट्विंक त्यात आले. बिग एटने व्हेगास आणि आयर्लंड ही विभागणी तशीच चालू ठेवली, फक्त जुन्या भागीदारीचं ओझं उतरलं. मागे राहिलेल्या रॉयलकडे नाव होतं, सूट होते, गाणी होती. पोस्टरवर छापायचे दोन चेहरे नव्हते. तो संच फार टिकला नाही.

२९ जुलै १९७५ रोजी लायट्रिम परगण्यात ड्रम्स्नाजवळ मोटार अपघातात टॉम डन्फी गेले. कार्यक्रमाला निघाले होते. दोन दिवसांनी, ३१ जुलैच्या पहाटे, बॅनब्रिजचा नाच संपवून डब्लिनला परतणारी मायामी शोबँडची मिनीबस न्यूरीजवळ बस्किलला लष्करी वेशातल्या टोळीने खोट्या नाक्यावर अडवली. गाडीत बॉम्ब ठेवताना तो त्यांच्याच हातात फुटून टोळीतले दोघे मेले. उरलेल्यांनी गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओ’टूल, ब्रायन मॅकॉय आणि टोनी जेराटी हे तिघे ठार झाले. त्या उन्हाळ्यानंतर दक्षिणेकडचे बहुतेक बँड उत्तरेची सुपारी घेईनासे झाले, आणि ज्यांनी घेतली ते अंधार पडायच्या आत सीमा ओलांडता येईल का हे आधी विचारत, टक्का किती हे नंतर.